विश्लेषण : संघातला सर्वात मोठा खेळाडू कधीच कर्णधार का झाला नाही? बाळू पालवणकर यांची गोष्ट

फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड असा रणजी करंडकाचा सामना झाला. पुणे, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांत होणारं प्रथम श्रेणी क्रिकेट तालुक्याच्या गावी आलं, म्हणून बारामती-इंदापूर परिसरात त्याची चर्चा झाली.

या स्टेडियमला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. आंबेडकरांच्या तरुणपणी एक क्रिकेटपटू संपूर्ण दलित समाजाचा नायक होता. त्याचं नाव बाळू पालवणकर. तो खेळायला शिकला याच जिल्ह्यात, पुण्यात. त्याच्या काळात देशात त्याच्या तोडीचा फिरकी गोलंदाज नव्हता. तरीही तो ज्या संघासाठी खेळला, त्याचं कर्णधारपद त्याला एकदाही मिळालं नाही.

संघातल्या सर्वात चांगल्या खेळाडूकडे नेतृत्व दिल्यानं काय फरक पडतो? आणि ते मुद्दाम दिलं नाही तर काय होतं? बास्केटबॉल असो, कबड्डी असो की क्रिकेट, हा प्रश्न प्रत्येक संघाला पडतो. बाळू आणि त्यांच्या भावांच्या आयुष्यात या प्रश्नाची दोन्ही उत्तरं सापडतात.

कोण होते बाळू पालवणकर?

बाळू यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. मूळ घराणं कोकणातलं. पालवण गावावरून पालवणकर हे आडनाव आलं. वडील लष्कराशी संबंधित नोकरीत होते आणि त्यामुळेच कुटुंब पुण्यात आलं. पुणे तेव्हा ब्रिटिश लष्कराचं मोठं ठाणं होतं. साहेब लोक क्रिकेट खेळायचे आणि त्यांनी टाकून दिलेलं सामान घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

क्रिकेटशी बाळू यांचा पहिला संबंध खेळाडू म्हणून आला नाही. पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्लबमध्ये ते मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचे. पगार महिना ३ रुपये. कधीतरी सरावाला गोलंदाज कमी पडला तर चेंडू टाकायला मिळायचा.

१८९२ च्या सुमारास ते युरोपीय लोकांच्या पूना क्लबमध्ये कामाला लागले. पगार १ रुपयाने वाढून ४ रुपये झाला. काम तेच होतं : रोलर, नेट लावणं, टेनिस कोर्टच्या रेषा आखणं. तिथल्या एका गोऱ्या सदस्यानं त्यांना नेटमध्ये गोलंदाजी करायला प्रोत्साहन दिलं आणि डावखुऱ्या संथ फिरकीचं एक मोठं कसब घडायला सुरुवात झाली.

नेटमधली शाळा

पूना क्लबमध्ये तेव्हा कॅप्टन जे. जी. ग्रेग हे नावाजलेले फलंदाज होते. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळलेले आणि भारतातल्या युरोपीय संघाचा कणा. बाळूनं नेटमध्ये आपल्याला बाद केलं की ग्रेग त्याला आठ आणे द्यायचे, अशी आख्यायिका आहे. ४ रुपये पगार असलेल्या मुलासाठी आठ आणे ही छोटी रक्कम नव्हती.

बाळू यांनी शेकडो तास या फलंदाजांना गोलंदाजी केली. पण त्या क्लबमध्ये त्यांच्या हातात कुणी कधी बॅट दिली नाही, असं त्यांनी पुढे आपल्या मुलाला सांगितलं होतं. फलंदाजी साहेबांची आणि गोलंदाजी नोकराची, अशी तेव्हाची विभागणी होती.

या काळाकडे फक्त अन्याय म्हणून पाहिलं तर एक गोष्ट नजरेआड होते. रोज तेच फलंदाज समोर असल्यामुळे कोण पुढे येऊन खेळतो, कोण मागे राहतो, कुणाला वळणारा चेंडू कळत नाही, हे पाहण्याची जी संधी बाळू यांना मिळाली, ती तेव्हाच्या फारच थोड्या भारतीय खेळाडूंना मिळाली असेल. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रतिस्पर्ध्याचा सगळा डेटा त्यांच्या डोक्यात होता. क्षेत्ररक्षण लावणं आणि गोलंदाजीत बदल करणं हे कर्णधाराचं काम. त्यासाठी लागणारी शिदोरी बाळू यांच्याकडे विशीतच जमा झाली होती.

चेंडू एकच, पण कप वेगळा

पुण्यातल्या हिंदू क्लबला युरोपीय संघाला हरवायचं होतं. बाळूला संघात घेतलं तर ते शक्य आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. तरीही वाद झाला. काही सदस्य त्यांना घ्यायच्या बाजूने होते, काहींचा अस्पृश्य मानल्या गेलेल्या खेळाडूला विरोध होता. शेवटी जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले.

मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चहापानाची वेळ झाली की चित्र बदलायचं. बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा घ्यायचे आणि बाळू यांना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला जायचा. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी. तोंड धुवायला पाणीही त्यांच्यासारख्याच समाजातला नोकर आणून द्यायचा. तासाभरापूर्वी याच माणसानं संघाला बळी मिळवून दिलेले असायचे.

साताऱ्याच्या युरोपीय जिमखान्याविरुद्धचा सामना या काळात गाजला. बाळू यांची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टी रोलरने दाबून घेतली होती, असं सांगतात. तरीही बाळू यांनी ७ बळी घेतले. या यशानंतर पुण्यात त्यांचं जाहीर कौतुक झालं. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांची बाजू घेतली. सोबत खेळता येतं तर सोबत खाता-पिता का येत नाही, हा त्यांचा साधा सवाल होता.

मुंबईत काय बदललं?

१८९६-९७ च्या प्लेगनं पुण्यातली अनेक कुटुंबं विस्कळीत झाली. बाळूही मुंबईला गेले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशावरून पुन्हा वाद झाला. मात्र कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळू संघात आले. पुढे बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपीय असा मोठा सामना झाला. हिंदू संघानं २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपीय संघ १९१ आणि १०२ धावांत बाद झाला. म्हणजे १०९ धावांनी विजय. दोन्ही डावांत मिळून बाळू यांनी ८ बळी घेतले. धाकटे भाऊ शिवरामही याच संघात होते.

त्या वेळच्या वृत्तपत्रांनी हा विजय फक्त खेळापुरता मानला नाही. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी नियतकालिकानं हिंदू जिमखान्याच्या निर्णयाचं कौतुक केलं. पुण्यात ज्याला बाहेर चहा मिळायचा, तो मुंबईत संघासोबत एकाच टेबलावर जेवू लागला, हा बदल त्यानं महत्त्वाचा मानला.

यातून एक गोष्ट समोर येते. कीर्तिकर हे बाळू यांच्याइतके मोठे खेळाडू नव्हते. पण संघाला कोण हवंय, हे त्यांनी ओळखलं आणि विरोध पत्करला. कर्णधार म्हणून त्यांचं हे योगदान एखाद्या शतकापेक्षा कमी नाही.

१९११ : संघ इंग्लंडमध्ये, कर्णधार भलतीकडेच

१९११ मध्ये भारतातला पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यात पारशी, हिंदू, मुस्लिम खेळाडू होते. कर्णधार होते पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग. वय साधारण वीस वर्षं. दौऱ्याला राजाश्रय हवा होता आणि महाराजांकडे पैसा होता, त्यामुळे कर्णधारपदाचा प्रश्न तिथेच मिटला.

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात टेनिस बॉलच्या स्पर्धा पाहणाऱ्याला हे नवीन वाटणार नाही. टी-शर्ट आणि प्रवेश फी ज्यानं दिली, नाणेफेकीला बऱ्याचदा तोच जातो. फरक इतकाच की गावातला असा कर्णधार निदान पूर्ण स्पर्धेत हजर असतो. महाराजा मोजकेच सामने खेळले. लंडनमधल्या मेजवान्या आणि राजघराण्याचे कार्यक्रम यात त्यांचा बराच वेळ गेला. वर सचिव म्हणून केकी मिस्त्री या उत्तम फलंदाजालाही त्यांनी बहुतेक वेळ स्वतःसोबत ठेवलं.

परिणाम आकड्यांत दिसला. २३ सामन्यांपैकी संघानं ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत फक्त २ विजय मिळाले.

हे दोन विजय कुणी मिळवून दिले, ते पाहण्यासारखं आहे. लेस्टरशायरविरुद्ध बाळू यांनी सामन्यात ११ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्धचा सामना भारतीय संघानं एका गड्यानं जिंकला आणि त्यात शिवराम यांनी नाबाद शतक केलं. म्हणजे दोन्ही विजयांत एकाच घरातले दोन भाऊ पुढे होते.

संपूर्ण दौऱ्यात बाळू यांनी ११४ बळी घेतले. त्यातले ७५ प्रथम श्रेणी सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात ८ बळी. वय पस्तिशीकडे झुकलेलं, खांदा दुखत होता, तरी एका बाजूनं चेंडू टाकण्याचं काम त्यांच्यावरच पडत होतं.

कर्णधारपद कागदावर एकाकडे आणि संघाचा भार दुसऱ्याकडे, असं झालं की काय होतं याचं हा दौरा म्हणजे उत्तम उदाहरण. मुख्य गोलंदाजाला कधी विश्रांती द्यायची, दुखापत असेल तर कोणता सामना सोडायचा, हे ठरवणारा माणूसच जागेवर नसेल तर सर्वात चांगला खेळाडूच सर्वात जास्त झिजतो.

मानपत्र आणि एक तरुण विद्यार्थी

दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजानं बाळू यांचा सत्कार केला. या वेळी दिलेलं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी लिहिलं होतं, असं क्रिकेटच्या इतिहासाच्या अभ्यासकांचं मत आहे. आंबेडकर तेव्हा महाविद्यालयात शिकत होते. अमेरिकेला ते १९१३ मध्ये गेले.

ज्या समाजातल्या मुलांना शाळेत वेगळं बसावं लागत होतं, त्यांच्यासाठी बाळू यांचं यश हा मोठा आधार होता. संघानं त्यांना नेता मानलं नव्हतं, पण मैदानाबाहेर हजारो लोक मानत होते.

दहा वर्षं एकच प्रश्न : कर्णधार कोण?

१९०७ मध्ये युरोपीय, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. देशातली ही तेव्हाची सर्वात मोठी क्रिकेट स्पर्धा. १९१३ पर्यंत बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चारही पालवणकर भाऊ हिंदू संघाकडून खेळू लागले होते.

या काळात संघाचे कर्णधार होते एम. डी. पै. बाळू वयानं, अनुभवानं आणि कामगिरीनं पुढे होते. दरवर्षी त्यांच्या नावाची मागणी व्हायची आणि दरवर्षी ती बाजूला पडायची. संघाची निवड जिमखान्याच्या समितीच्या हातात होती आणि तिथे उच्चवर्णीयांचं वर्चस्व होतं.

विशेष म्हणजे खुद्द पै यांनाही हे खटकत होतं. १९१३ मध्ये एका सत्कार समारंभात त्यांनी जाहीरपणे मान्य केलं की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी असलेल्या बाळू यांना मिळायला हवा होता. कर्णधारालाच आपल्या खुर्चीवर दुसऱ्याचा हक्क वाटतो आणि तरीही बदल होत नाही, अशी ही स्थिती होती.

बाळू यांनी यावर खेळणं थांबवलं नाही. त्यांच्या संपूर्ण प्रथम श्रेणी कारकिर्दीत ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत, सरासरी अवघी १५.२१. म्हणजे प्रत्येक सामन्यात ५ पेक्षा जास्त बळी.

१९२० मध्ये नेमकं काय घडलं?

डिसेंबर १९२० च्या चौरंगी स्पर्धेआधी दोन गोष्टी घडल्या. बाळू यांना संघातून वगळण्यात आलं. ते चाळिशी ओलांडून गेले होते, त्यामुळे या निर्णयाचं समर्थन करता येत होतं. पण पै आजारी असल्यानं कर्णधाराची जागा रिकामी झाली, तेव्हा विठ्ठल किंवा शिवराम यांच्याऐवजी पुण्याच्या डी. बी. देवधर यांची निवड झाली.

देवधर हे साधे खेळाडू नव्हते. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोन वेळा रणजी करंडक जिंकला. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हताच. तेव्हा त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्या दोघांना कोणत्या निकषावर डावललं, हा प्रश्न होता.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि त्यामागची कारणं जाहीर निवेदनातून मांडली. कर्णधाराची निवड खेळातल्या कामगिरीवर न होता जातीवर होत असेल तर तो आपला आणि आपल्या समाजाचा अपमान आहे, अशी त्यांची भूमिका होती. वृत्तपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. तो असहकार चळवळीचा काळ होता आणि महात्मा गांधी अस्पृश्यता निवारणाचा मुद्दा ठामपणे मांडत होते. त्यामुळे समितीला हे प्रकरण दडपता आलं नाही.

अखेर तडजोड झाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले, भाऊ संघात आले आणि बाळू यांना उपकर्णधार करण्यात आलं. सामना सुरू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रं बाळू यांच्या हाती आली. नेट लावण्यापासून सुरू झालेल्या जवळपास तीस वर्षांच्या प्रवासात त्यांच्या वाट्याला आलेलं नेतृत्व ते एवढंच.

सामना अनिर्णित राहिला आणि विजेतेपद विभागून दिलं गेलं. दोन भावांच्या माघारीनं मात्र एक गोष्ट कायमची बदलली. यापुढे पालवणकरांचं नाव कारण न देता बाजूला सारणं समितीला शक्य नव्हतं.

विठ्ठल कर्णधार झाल्यावर

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. ते तेव्हा संघाचे आघाडीचे फलंदाज होते. त्या वर्षी हिंदू संघानं चौरंगी स्पर्धा जिंकली.

आता आकडे बघू. १९२१ मध्ये युरोपीय आणि १९२२ मध्ये पारशी विजेते होते. विठ्ठल यांच्या नेतृत्वाच्या काळात, १९२३ ते १९२६ या चार वर्षांत, हिंदू संघानं १९२३, १९२५ आणि १९२६ अशी तीन वेळा स्पर्धा जिंकली. मधलं एक वर्ष मुस्लिम संघाचं होतं.

चारपैकी तीन विजेतेपदं फक्त कर्णधारामुळे आली, असं म्हणणं चूक ठरेल. संघात तरुण, दमदार खेळाडू येत होते. पण ज्यांना नेतृत्व जमणार नाही असं वर्षानुवर्षं गृहीत धरलं होतं, त्याच घरातल्या माणसानं ते करून दाखवलं. मोठ्या भावाची क्षमता कधी तपासलीच गेली नव्हती. धाकट्याची तपासली गेली आणि उत्तर समोर आलं.

विठ्ठल यांनी नंतर 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं.

मोठा खेळाडू नेहमीच चांगला कर्णधार असतो का?

नाही. सचिन तेंडुलकरनं २५ कसोटींत नेतृत्व केलं आणि त्यातल्या ४ जिंकता आल्या. उलट अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारतानं १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. त्या संघात त्यांच्यापेक्षा मोठी नावं होती. चांगलं खेळणं आणि दहा जणांकडून चांगलं खेळून घेणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

पण सचिनला ती संधी मिळाली, त्यानं ती घेतली आणि मग सोडली. बाळू यांना हे तपासायची मुभाच नव्हती. म्हणून त्यांच्या गोष्टीतला मुद्दा सर्वोत्तम खेळाडूलाच कर्णधार करा असा नाही. कर्णधार ठरवताना खेळाशी संबंध नसलेली कारणं आणली तर त्याची किंमत संघ मोजतो, हा आहे.

जगातही हेच दिसतं. वेस्ट इंडीजच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू सामने जिंकून देत होते, पण कर्णधारपद दीर्घकाळ गोऱ्यांकडे होतं. १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी फ्रँक वॉरेल यांच्याकडे पूर्णवेळ नेतृत्व आलं आणि वेगवेगळ्या बेटांवरच्या खेळाडूंचा एक संघ तयार झाला.

बास्केटबॉलमध्ये बिल रसेल यांचं उदाहरण आहे. बॉस्टन सेल्टिक्सचा हा कृष्णवर्णीय खेळाडू १९६६ मध्ये खेळता खेळताच संघाचा प्रशिक्षकही झाला. एनबीएच्या इतिहासातले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. या दुहेरी भूमिकेत त्यांनी १९६८ आणि १९६९ चं विजेतेपद मिळवलं. खेळाडू म्हणून त्यांची एकूण विजेतेपदं ११, तीही १३ हंगामांत. रसेल यांची ख्याती स्वतः गुण मिळवण्यापेक्षा बचाव आणि सहकाऱ्यांना खेळवण्यासाठी जास्त होती. संघानं मैदानावरचा नेता आणि अधिकार असलेला नेता एकच केला आणि त्याचा फायदा झाला.

आंबेडकर आणि बाळू आमनेसामने

खेळ संपल्यावर बाळू यांचं आयुष्य राजकारणाकडे वळलं आणि इथे त्यांची वाट डॉ. आंबेडकरांपासून वेगळी झाली. दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत, ही आंबेडकरांची मागणी होती. बाळू यांना ती मान्य नव्हती. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी पुण्यात येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केलं, तेव्हा झालेल्या वाटाघाटींत बाळू सहभागी होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराच्या सह्यांमध्ये त्यांचीही सही आहे.

१९३७ च्या मुंबई प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळू यांना ११,२२५ मतं मिळाली. २,०२० मतांनी आंबेडकर विजयी झाले.

ज्याच्या सत्काराचं मानपत्र लिहिलं, त्याच्याच विरुद्ध लढावं लागणं, हा त्या काळाचा पेच होता. दलित समाजानं हिंदू समाजात राहून हक्क मिळवायचे की स्वतंत्र राजकीय ताकद उभी करायची, यावर दोघांची मतं वेगळी होती. बाळू यांच्या बाजूमागे त्यांचा स्वतःचा अनुभव असावा. पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून मुंबईच्या टेबलापर्यंतचा बदल त्यांनी पाहिला होता. आंबेडकरांना त्या बदलाचा वेग आणि त्यातला उपकाराचा सूर मान्य नव्हता. बाळू यांची कारकीर्द दोघांच्याही बाजूनं पुरावा म्हणून मांडता येते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचं निधन झालं. भारतानं पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली, तोपर्यंत त्यांचं क्रिकेट संपलं होतं. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचं नाव नाही आणि अनेक क्रिकेटप्रेमींना ते माहीतही नाहीत. 'लगान' चित्रपटातला फिरकी गोलंदाज कचरा पाहून अनेकांना त्यांची आठवण होते.

आजच्या संघांसाठी यात काय आहे?

बारामती आणि इंदापूरमध्ये शाळा-महाविद्यालयांचे संघ दरवर्षी तालुका आणि जिल्हा स्पर्धांसाठी निवडले जातात. कर्णधार ठरवताना कुणाचा मुलगा, कुणाची ओळख, कुणाची गाडी संघाला घेऊन जाणार, असे प्रश्न कळत-नकळत येतात. बाळू यांच्या गोष्टीतून निवड करणाऱ्यांना तीन साध्या कसोट्या मिळतात.

पहिली : अडचणीच्या वेळी बाकीचे खेळाडू कुणाकडे बघतात? १९११ च्या दौऱ्यात याचं उत्तर महाराजा नव्हतं.

दुसरी : प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास कुणाचा जास्त आहे? पूना क्लबच्या नेटमध्ये हे उत्तर रोज दिसत होतं.

तिसरी : सामना संपल्यावर संघ एकत्र जेवतो का? हा प्रश्न खेळाबाहेरचा वाटतो, पण ज्याला डबा घेऊन बाजूला बसावं लागतं, त्याच्याकडून आपण नेतृत्वाची अपेक्षा करू शकत नाही. आणि तो नेता झाला तर बाकीच्यांनी त्याचं ऐकावं, हेही अवघड होतं.

बाळू यांच्या बळींची मोजदाद झाली, कारण ती स्कोअरबुकात लिहिली जाते. त्यांना कर्णधार न केल्यामुळे हिंदू संघानं किती सामने गमावले, याचा रकाना कुठल्याच स्कोअरबुकात नसतो. १९२३ पासूनच्या चार वर्षांत विठ्ठल यांनी जिंकलेली तीन विजेतेपदं पाहिली की त्याचा थोडाफार अंदाज येतो.